अक्का रडेपर्यंत

चिंचवड,
१४ नोव्हेंबर १९७६

अक्का,

तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. नऊ वर्षं एक ओळ धाडली नाही आणि आज एकदम साष्टांग नमस्कार घातला तर तुलाच हसू येईल. शिवाय मला वाकायला मनाई आहे. पोट फाडलंय माझं. घाबरू नकोस, परत शिवलंही आहे.

पित्ताशयात खडे झाले होते. पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं, परवा घरी आणलं. डॉक्टरांनी खडे एका छोट्या बाटलीत घालून ह्यांच्या हातात दिले. तेव्हापासून घरात सत्यनारायण असल्यासारखी गर्दी आहे. जो येतो त्याला हे आधी बाटली दाखवतात, मग मला. आमच्या शेजारच्या विमलबाई बाटली उजेडात धरून म्हणाल्या, अय्या, किती गुळगुळीत! जसे काही मी घासून ठेवले होते. आणि हल्ली ऑपरेशन म्हटलं की लोकांना एकच ऑपरेशन ठाऊक, नसबंदीचं. दूधवाल्याने ह्यांना हळूच विचारलं, सरकारने तुपाचा डबा दिला की ट्रान्झिस्टर? मला हसायची बंदी आहे, टाके ओढतात. आमची नीला, आता दहावीला आहे, ती उशी घेऊन उशाशीच बसते. मला हसू यायला लागलं की पटकन उशी पोटावर दाबते. बापलेक मिळून दिवसाकाठी किती वेळा उशी दाबायला लावतात ते विचारू नकोस.

आता पत्र का लिहिते ते सांगते. भूल देताना मला आकडे मोजायला लावले. मी थोडे मोजले आणि मग म्हणे तुला हाका मारायला लागले. नर्सने बाहेर येऊन ह्यांना विचारलं, ही अक्का कोण? हे म्हणाले, आमच्या घरात त्या नावाला बंदी आहे. मला ह्यातलं काही आठवत नाही. पण ऐकल्यापासून चैन नाही बघ.

राग गेलाय असं समजू नकोस. आई ह्याच घरात गेली आणि तू आलीस ती तिसऱ्या दिवशी. दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणालीस, की मी तुला मुद्दाम कळवलं नाही, आई एकटीनेच बळकावली. अगं, आई सीरियस आहे, ताबडतोब निघ, अशी तार ह्यांनी स्वतः जाऊन केली होती. मी नीलाचा हात धरून दारात त्यांची वाट बघत उभी होते. तुला पटलं नाही ते नाहीच. जाताना म्हणालीस, "पद्मे, उद्या तू मेलीस तरी मला कळवू नकोस." त्यावर मीही तोंड आवरलं नाही. पण तार केली होती, अक्का. केली होती, केली होती. तू एकदा म्हण की बाई, केली असशील. मला तुझ्याकडून आयुष्यात दुसरं काही नको.

आज सकाळी एक विचित्रच झालं. मागच्या अंगणात कोवळ्या उन्हात मला खुर्ची टाकून बसवलं होतं, केस मोकळे सोडलेले. एक कावळा आला आणि थेट माझ्या डोक्यावर बसला. चोच मारून उडाला असता तर मीही हाड म्हटलं असतं. बसला गं. कुणी डोक्यावर हात ठेवावा तसा बसला, आणि चांगला जड होता. नीला हसायला लागली, पण सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. आमच्या सासूबाई म्हणजे सुभद्राबाई तुला आठवत असतील, पुनावळ्याच्या, देवाधर्माचं वेड असलेल्या. कावळा शिवणं म्हणजे मरणाचं बोलावणं असं त्यांचं म्हणणं. पदर खोचून शेजारी दौलतरावांकडे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

हे दौलतराव ह्यांच्याच कंपनीत फिटर आहेत, लातूरकडचे. आजच्याच गाडीने गावी निघालेत. त्यांना तुमच्या कुर्डुवाडीला उतरून छोटी गाडी धरायची असते, म्हणून म्हटलं हे पत्र त्यांच्याच हाती द्यावं. सासूबाई म्हणाल्या, कशाला, पोस्टानं जाऊंदे की, आन मी टाकायला लावते. तेव्हा त्यांच्याकडे देते आहे. उत्तर दे. नाही दिलंस तर मी समजायचं ते समजेन.

पद्मी

*

१८ नोव्हेंबर

अक्का,

तुझं उत्तर नाही. पोचायला वेळ लागतो हे मला कळतं, पण अंथरुणावर पडलेल्या माणसाला धीर नसतो.

टाके बरे आहेत. घर मात्र बरं नाही. काय ते नेमकं सांगता येत नाही, तरी सांगते.

तो कावळा जात नाही. माझ्या पलंगाशी जी खिडकी आहे तिच्या कठड्यावर येऊन बसतो. नीलाने पोळी टाकली, शेव टाकली, ह्यांनी तर चिवड्यातले दाणे वेचून टाकले. तो ढुंकून बघत नाही. इतर कावळे येतात, खातात, भांडतात, जातात. हा मान वाकडी करून माझ्याकडे बघत बसतो. ह्यांनी त्याचं नाव 'बडे डॉक्टर' ठेवलंय, रोज राउंडला येतात म्हणून. नाव ठेवलं त्या दिवशी मी उशी धरून हसले. आता हसू येत नाही.

सोमवारी दुपारी कंपनीच्या जेवणाचा भोंगा झाला. हे कामावर, नीला शाळेत, सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. माझा जरा डोळा लागला होता. एकदम डोक्यावरून गार पाणी ओतल्यासारखं झालं, श्वासच अडकला. हात लावून बघते तर केस ओलेचिंब, मुळापासून टोकापर्यंत. घाम म्हणशील. घाम असा गार नसतो, आणि अक्का, उशी कोरडी होती. मला अजून डोक्यावरून आंघोळ घालत नाहीत. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी केस पिळले तर थेंब जमिनीवर पडले. मला वाटलं आता चार प्रश्न विचारतील. त्यांनी एकच विचारला, भोंगा झाला तवा का? मी हो म्हटलं. त्या बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या, मग देवापाशी जाऊन ऊद लावला.

त्यांचंच वागणं मला जास्त भीती घालतंय. मला दारात बसू देत नाहीत. कुणी बघायला आलं तर बाहेरच्या बाहेर वाटेला लावतात. मी कुणाला निरोप धाडायचा म्हटलं की म्हणतात, "दौलतराव येईपत्तुर कुनाला काय कळवू नगंस." दौलतराव आले की काय होणार आहे ते सांगत नाहीत. दौलतरावांची बायको गोजाबाई काल पाणी भरायला जाताना खिडकीत मला बघून थबकली, आणि मी बोलावलं तर पदर तोंडाला लावून निघून गेली. पदर असा मयताच्या दारात लावतात, तुला ठाऊक आहे.

आणि काल तुझी हाक आली. तुझीच, कारण मला पद्मे म्हणणारी आता तू एकटीच उरलीस. मागच्या दारातून आली, टळटळीत दुपारी. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, ओ दिलीस का? पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते ना. मी नाही म्हणाले. खोटं बोलले, अक्का. नऊ वर्षांनी तू हाक मारतेस आणि मी गप्प बसू? ओ दिली मी. मग सगळं शांत झालं, आणि कठड्यावरचा तो एक पाऊल पुढे सरकला.

सासूबाई म्हणतात, तो आताचा नाही. आपल्या आईच्या दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंड ठेवला तेव्हा कावळा शिवलाच नव्हता. तू तेव्हा रागावून निघून गेली होतीस, तुला हे माहीत नसेल. ऊन डोक्यावर आलं तरी एकही खाली उतरेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही खालमानेने घरी आलो. सासूबाई म्हणाल्या, "तवा यायचा ऱ्हायला हुता, त्यो आता आलाय." मी म्हटलं, नऊ वर्षांनी? तर म्हणाल्या, त्याच्याकडं काय क्यालेंडर हाय?

हे पत्रही त्यांच्याकडेच देते आहे. लवकर लिही गं. नुसतं 'पोचलं' एवढं लिही.

पद्मी

*

२३ नोव्हेंबर, मंगळवार

अक्का,

आज मला सगळं कळलं, आणि तुझा भयंकर राग आलाय.

आधी आज दुपारी काय झालं ते ऐक. मला अजून मुगाचं पाणी आणि मऊ भात, बिनफोडणीचं सगळं. त्याचाही घास घशाखाली उतरत नव्हता. काल ह्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं, खातच नाही तर काय करू? आज दुपारी पडले होते, कावळा कठड्यावर होता. बघता बघता तोंडाला चव आली. हुलग्याचं पिठलं, लसणाचं, वर कच्चा कांदा. आई चुलीपुढे बसवून आपल्याला वाढायची ते. आठवण आली असं म्हणत नाहीये मी. जिभेवर होतं. कांदा झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. पोट भरलं, ढेकर आली. मग मी खिडकीकडे बघितलं तर कठडा रिकामा होता.

हे जेवायला घरी आले होते. खोलीत शिरताच म्हणाले, काय हो, चोरून पिठलं? डॉक्टर दुसऱ्यांदा फाडतील. मी शपथ घेतली तरी हे हसतच होते. म्हणाले, आता बाटलीत हुलगे ठेवू. सासूबाई आल्या, माझं तोंड उघडायला लावलं, वास घेतला, आणि मटकन खाली बसल्या. आमच्या घरात हुलग्याचं पीठ नाही. कधी आणतच नाहीत, ह्यांना सोसत नाही. सासूबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं आणि रडायलाच लागल्या. मग बोलल्या.

कावळा डोक्याला शिवला तर ते मरण टाळायचा त्यांच्याकडे एक उपाय आहे. माणूस गेल्याची खोटी खबर रक्ताच्या नातेवाइकाला धाडायची. ते रडलं, डोळ्यांतून पाणी आलं, की मरण झालं असं धरलं जातं आणि पीडा तिथेच निघून जाते. लगेच खरं सांगायचं, अहो, माणूस बरं आहे, साखर खा. पण रडायच्या आधी खरं सांगितलं तर सगळं फुकट, उलट पीडा दुप्पट होऊन घरी येते. माझ्या रक्ताचं आता कोण आहे? तू. तेव्हा दौलतरावांना कुर्डुवाडीला उतरून तुझ्याकडे जायला सांगितलं. पद्मजावहिनी काल गेल्या असं सांगायचं, तू रडेपर्यंत थांबायचं, मग खरं सांगून पुढची गाडी धरायची. आणि मेलेल्या माणसाच्या हातचं पत्र मधेच पोचलं तर घात होईल, म्हणून माझी दोन्ही पत्रं पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली होती. ह्यांनी कपाळाला हात लावला. आईवर ओरडायचं की आईला समजवायचं ते त्यांना कळेना, शेवटी दोघांसाठी चहा टाकला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं.

सासूबाईंचं मी समजू शकते. जिवाच्या भीतीने केलं त्यांनी. तुझं काय, अक्का? दौलतराव सोमवारीच तुझ्याकडे येऊन गेले. म्हणजे तू रडली असशील, मग खरं कळलं असेल. मी मरता मरता वाचले, पोट शिवून घरी पडले आहे, हे सगळं तुला आठ दिवस माहीत आहे. आणि एक कार्ड नाही? मेलीस तरी कळवू नकोस म्हणाली होतीस. जगले हे कळल्यावरही तुझ्या मनाला काही नाही?

हे पत्र आत्ता टाकत नाही. दौलतराव उद्या-परवा येतील. तू रडलीस की नाही, तेवढं त्यांच्या तोंडून ऐकते आणि मग टाकते.

पद्मी

*

२५ नोव्हेंबर

अक्का,

हे पत्र तुला मिळणार नाही. ते मी आधीच ठरवून लिहायला बसले आहे, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही आणि जिला सांगायचं ती तूच.

दौलतराव काल संध्याकाळी आले. दारातच बसले, आत येईनात. सासूबाईंनी विचारलं, रडली का? त्यांनी मान हलवली. म्हणाले, "रडल्याच न्हाईत हो. म्या लई थांबलो."

तू दारात तांदूळ निवडत बसली होतीस म्हणे. त्यांनी सांगितलं, तू विचारलंस, कधी? ते म्हणाले, काल. तू तांदूळ निवडत राहिलीस. मग उठलीस, मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंस. तेवढ्यात भोंगा झाला, तुमच्या रेल्वेच्या कारखान्याचा. ओल्या केसांनी चूल पेटवलीस आणि त्यांना पिठलं-भाकरी वाढलीस, लांबचा पल्ला आहे, खाऊन जा म्हणून. बिचारे घास गिळत तुझ्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे कोरडे. माझ्या आजाराच्या गोष्टी सांगितल्या, नीलाचं नाव काढलं, शेवटी तुला धीर यावा म्हणून स्वतःच रडायला लागले. तू त्यांना पाणी दिलंस. म्हणालीस, तुम्ही फार मायाळू दिसता. मला हे ऐकताना हसू आलं, अक्का, आणि उशी धरायला कुणी नव्हतं. गाडीने शिट्टी दिली. खरं सांगावं तर सासूबाईंची ताकीद, न सांगावं तर तू. ते पळत जाऊन गाडीत बसले आणि लातूरपर्यंत खाली मान घालून गेले.

म्हणजे तुझ्या लेखी मी मेलेलीच होते. आणि मी इथे तुला दगडाच्या काळजाची म्हणत होते.

परतताना काय वाट्टेल ते होवो, खरं सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं. मंगळवारी दुपारी कुर्डुवाडीला उतरून तुझ्या क्वार्टरवर आले. माझा दहावा होता. लग्न झालेल्या बहिणीला दहावा कशाला, पण तू मागच्या अंगणात पान मांडलं होतंस. पानावर भात आणि हुलग्याचं पिठलं, वर कांदा. दौलतराव कुंपणाशी थांबले. कावळे कडुनिंबावर बसलेले, एक खाली येईना. भाऊजी हात जोडून म्हणाले, नीलाच्या लग्नाला आम्ही उभे राहू. कुणी हललं नाही. सुरेंद्ररावांकडे लक्ष ठेवू म्हणाले, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे. तरी नाही. मग तू सगळ्यांना घरात धाडलंस आणि पानासमोर बसून बोललीस. ते शब्द दौलतरावांनी जसेच्या तसे सांगितले, त्यांच्या बोलीतले नव्हते, तुझेच होते.

"पद्मे, तार मिळाली होती मला. वेळेत मिळाली होती. स्टेशनवर गेले, गाडी समोर उभी होती, चढले नाही. आईला जाताना बघायचा धीर झाला नाही गं. आणि खापर तुझ्यावर फोडलं. आता तरी घे."

एक कावळा उतरला आणि पानाला शिवला. मग तू रडलीस. भाऊजी धावत बाहेर आले इतकी रडलीस. दौलतराव तिथून माघारी फिरले. मला म्हणाले, "आता सांगा वैनी, ह्याच्यानंतर म्या काय तोंडानं सांगायचं, की त्या जित्या हायेत म्हणून?"

सासूबाईंनी एवढंच ऐकलं, रडली ना? मग टळलं. देवापुढे साखर ठेवली, सगळ्यांच्या तळहातावर दिली. मी मात्र ताडकन उठून बसले, टाका ओढला गेला, कळ डोक्यात गेली. मिळाली होती! नऊ वर्षं मी चारचौघांपुढे शपथा घेतल्या. ह्यांनी तार ऑफिसात जाऊन विचारपूस केली. आईच्या वर्षश्राद्धाला जेवायला आलेल्यांसमोर मी खाली मान घातली. आणि तू उशीला डोकं लावून झोपत होतीस? इतका संताप आला की हे पत्र सुरू करताना त्यात दोन शिव्या होत्या, त्या नीलाने वाचल्या म्हणून खोडल्या. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. पेढे वाटावेत असं वाटलं. मी खरी होते.

रात्री तो आनंद गेला. आज सकाळपासून एकच गोष्ट मनात घोळतेय, ती सांगायला लाज वाटते आणि भीतीही वाटते. अक्का, मी जिवंत आहे. मग माझ्या पानाला कावळा शिवला कसा? इच्छा माझी राहिली होती असं धरून तू बोललीस, पण मी तर इथे पलंगावर होते. वाट बघत होतं कोण? आईच्या पिंडाला तेव्हा कुणी शिवलं नाही. तिला ऊन चढेपर्यंत तिष्ठत ठेवलं आपण. जाताना ती दाराकडे बघत होती, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू का आली नाहीस एवढंच तिला ऐकायचं असेल. मला वाटतं, ते पान तिने घेतलं. माझ्या तोंडाला फक्त चव लागली, तीही तिच्याच हातची.

मंगळवारपासून खिडकीत कुणी येत नाही. नीला पोळी टाकते, इतर कावळे खातात. मी मुद्दाम कठड्याकडे बघत राहते, आणि बघवतही नाही. ज्याची इतकी भीती वाटली तो गेल्यावर मला पोरकं वाटतंय.

आता तुला लिहायचं काय? हे म्हणतात, सरळ लिहा, मी ठणठणीत आहे, या. पण तू मेलेल्या पद्मीला जे सांगितलंस ते जिवंत पद्मीला कधी सांगितलं नसतंस. मला ते कळलंय असं तुला नुसतं जाणवलं तरी तू पुन्हा दार लावून घेशील. तुला मी ओळखते. लाजेने माणूस रागापेक्षा लांब जातं. मग आपण दोघी खऱ्याच मरू तेव्हा कोण कुणाला कळवणार? आणि काहीच कळवलं नाही तर तू सुखाने राहशील, मी मेलेली राहून. त्याचाही मी विचार केला. दोनदा केला. मग तुझी ती दुपारची हाक आठवली.

मला खरं ठरायचं होतं. ठरले. आता त्याचं करायचं काय, ते ह्यांच्याशी बोलून बघते. ह्यांच्या मदतीशिवाय ते होणार नाही.

पद्मी

*

चिंचवड,
२६ नोव्हेंबर १९७६

ती. सौ. अक्का हिला पद्मीचा नमस्कार.

अक्का, आधी खाली बस. भाऊजी घरात असतील तर त्यांना जवळ बोलाव. हे अक्षर माझंच आहे. मी जिवंत आहे.

पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, घरी आले, डोक्याला कावळा शिवला. सासूबाईंनी घाबरून जुन्या रीतीप्रमाणे तुला खोटी खबर धाडली. दौलतरावांना सांगितलं होतं की तू रडलीस की लगेच खरं सांगायचं. पण त्यांची लातूरची गाडी सुटत होती, ते घाबरट गृहस्थ पळाले. परतताना एस.टी.ने बार्शीवरून आले, कुर्डुवाडीला उतरलेच नाहीत, म्हणून तुला आजवर कळलं नाही. परवा इथे आले तेव्हा आम्हाला समजलं. सासूबाई तुझे पाय धरायला तयार आहेत. मी त्यांना म्हटलं, आधी रागावू दे तिला पोटभर. रागाव. मला ऐकायचंय.

आणि एक सांगायचं आहे. ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन आलेल्या बायकोपुढे नवऱ्याला खोटं बोलवत नाही. ह्यांनी काल कबूल केलं. आई गेली तेव्हाची ती तार ह्यांनी केलीच नव्हती. तार ऑफिसात गर्दी होती, कंपनीची पाळी चुकत होती, संध्याकाळी करू म्हणाले आणि आई संध्याकाळपर्यंत राहिली नाही. मग माझ्या भीतीने केली म्हणून सांगितलं. तू दारात उभी राहून म्हणालीस तेच खरं होतं. तुला कळवलं नव्हतं. नऊ वर्षं मी उगाच तुझ्याशी भांडले. हे शेजारीच उभे आहेत, कान धरून. तू येशील तेव्हा तुझ्यासमोरही धरतील.

टाके सुकत आलेत. जेवण जायला लागलंय. नीला उंच झाली आहे, तुझ्यावर गेली आहे, तशीच हट्टी. पुण्याहून लोकलने चिंचवड स्टेशनला उतर, हे घ्यायला येतील. नाही आलीस तर मीच येते, पोट धरून.

तुला कळवलं नाही असं पुन्हा म्हणायला जागा ठेवत नाही. या वेळी वेळेवर कळवते आहे.

तुझी,
पद्मी